हरकत घेणाऱ्यानेच सिद्ध करायचे

मतदार याद्यांत घुसखोर भरले आहेत, एका समाजाची संख्या कट करून वाढवली जात आहे, हा आरोप महाराष्ट्रात जुना आहे. फ्रेंच लेखक रेनो कामू यांनी २०११ मध्ये मांडलेली लोकसंख्या बदलण्याच्या कटाची कल्पनाही याच जातकुळीतली. वंश, धर्म किंवा आडनाव पाहून माणूस परका ठरवला, की पुढचे पाऊल त्याचे नाव यादीतून काढण्याचे असते.

१९९०च्या दशकात मुंबईत हेच घडले. पोलिसांच्या संशयावरून मतदारांना नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा गेल्या. मोजकेच कागद ग्राह्य धरले गेले. लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी १९९५ रोजी ही कारवाई रद्द केली. नाव आधीपासून यादीत असेल तर त्याला वजन द्यावे, संशयाचा आधार मतदाराला कळवावा, तो देईल तो प्रत्येक पुरावा तपासावा, असे न्यायालयाने बजावले.

जानेवारी २०२५ मध्ये उशिराच्या जन्मनोंदी तपासण्यासाठी राज्यात विशेष तपास पथक नेमले गेले. खोटा दाखला शोधलाच पाहिजे. पण जिंतूर तालुक्यातल्या येलदरीचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जुने दप्तर बरेचसे उर्दूत, आणि बाळंतपणे घरीच होत. तिथल्या म्हाताऱ्या मुस्लिम किंवा बंजारा मतदाराकडे जन्मदाखला नसणे यात संशयास्पद काहीच नाही.

नाव वगळण्याच्या हरकतीचा अर्ज, म्हणजे नमुना ७, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या हाती येतो तो अनेकदा घरे बंद असताना. याच तालुक्यातल्या तांड्यावर दिवाळीनंतर घरांना कुलपे दिसतात, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. शेरा ‘स्थलांतरित’ असा पडला की नाव गेले. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही. कलम २२ नुसार वगळण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. खोट्या निवेदनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. हे कलम क्वचितच वापरले जाते, ही मोठी उणीव आहे.

सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात, आळंद मतदारसंघात, २०२३च्या निवडणुकीआधी वगळणीचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. जागेवर जाऊन पडताळणी झाली तेव्हा त्यांतले फक्त २४ खरे निघाले. बाकीची नावे यादीत राहिली आणि निवडणूक अधिकाऱ्याने पोलिसांत गुन्हा नोंदवला.