हात निवडायचा तो कामावरून

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पॉवर प्रेस. यांत हात गेलेली कष्टकरी माणसे गावोगावी भेटतात. मग कृत्रिम हात घेताना घरच्यांचा पहिला प्रश्न 'दिसेल कसा?' हाच का असतो?

शोभेचा हात बाहीखाली खरा वाटतो, पण त्याची बोटे पकड घेत नाहीत. स्नायूंच्या संदेशावर चालणारा विजेचा हात पकड घेतो. मात्र तो महाग असतो, चार्ज करावा लागतो आणि बरेचसे असे हात पाण्यात चालत नाहीत. स्वतः हात गमावलेल्या डेव्हिड डोरन्स या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये दुभंगी हूकचे पेटंट घेतले. तो प्रकार आजही वापरात आहे. खांदा हलवला की तार ओढली जाऊन हूक उघडतो, रबर बँडमुळे मिटतो. बादली, खुरपे, पिशवी त्यात नीट धरता येते.

नमाजी माणसाने आणखी एक पाहावे. हात कोपराखालून गेला असेल तर वजूत उरलेला भाग धुवावा लागतो. म्हणजे हात एकट्याने, पटकन काढता-घालता आला पाहिजे.

मनगटाशी जोड बदलता येत असेल तर शेतात हूक आणि निकाहाला हात, दोन्ही जमते. शिबिरात हात वाटणाऱ्यांनी फोटो काढण्याआधी एवढेच विचारावे: सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय करता? आणि हूककडे टक लावून बघायची सवय आपण बाकीच्यांनी सोडावी.