मुरण्याआधीचे गुण

वाइनला शंभरपैकी गुण देण्याची जी रीत गेल्या चार दशकांत रूढ झाली आहे, तिला आमचा विरोध आहे. तो सरसकट नव्हे. जी वाइन वर्ष-दोन वर्षांत जेवणाच्या टेबलावर येऊन संपावी, तिला कुणी नव्वद गुण द्यावेत की पासष्ट, याचे आम्हांस सोयरसुतक नाही. आमचा वाद आहे तो वीस-वीस वर्षे तळघरात ठेवण्यासाठीच घडविलेल्या लाल वाइनविषयी, आणि ती पिपात असतानाच तिचा निकाल लावून मोकळ्या होणाऱ्या परीक्षकांविषयी.

फ्रान्समधील बोर्दो परिसरात हा सोहळा दरवर्षी होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे खुडली जातात आणि पुढच्या वसंतात, वाइन जेमतेम सहा महिन्यांची असताना, देशोदेशींचे व्यापारी व समीक्षक तेथे जमतात. पिपांतून काढलेला नमुना हुंगतात, तोंडात घोळवतात, थुंकतात आणि आकडा लिहितात. एका दिवसात असे कित्येक नमुने! वाइन बाटलीत भरायला अजून वर्षाहून अधिक अवकाश असतो. पण आकडा छापून येतो, त्यावर भाव चढतो आणि गिऱ्हाईक न पाहिलेल्या बाटलीचे पैसे आगाऊ मोजतो.

अशा कोवळ्या वाइनमध्ये जिभेला काय लागते? मुख्यत्वे तुरटपणा. काबेर्ने सोव्हिन्योंसारख्या द्राक्षाच्या साली-बियांतून उतरलेले टॅनिन काजूच्या बोंडासारखी जीभ आवळून धरते. वर्षानुवर्षांच्या मुरण्यात हे टॅनिन रंगद्रव्याशी जोडले जाते, जड होते आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसते. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळाच्या वासाच्या जागी ओली माती, चामडे, देवदार असे काहीबाही जाणवू लागते. खऱ्या परीक्षकाने जोखायचे ते हे की, तुरटपणा विरघळेपर्यंत तग धरील एवढे फळ आणि एवढी आंबटाई तिच्यात आहे काय. १९७५ सालच्या कित्येक बोर्दो वाइनमध्ये टॅनिन मऊ होण्याआधी फळच सुकून गेले. ही पारख कठीण आहे, आणि एका मिनिटात ती होते असे भासविणे आम्हांस अप्रामाणिक वाटते.

आकड्याचा दुसरा अपाय अधिक खोल आहे. पन्नास नमुन्यांच्या रांगेत दाट, गोडसर, गडद वाइन उठून दिसते. संयत वाइन मागे पडते. मग काही उत्पादक द्राक्षे वेलीवर अधिक दिवस ठेवतात, नव्या ओकच्या पिपांचा वास वाढवतात. वाइन वीस वर्षांनंतरच्या जेवणासाठी न घडता एप्रिलमधल्या परीक्षेसाठी घडू लागते. (आमच्या दहावीच्या शिकवण्यांची वाचकांना आठवण झाल्यास नवल नाही.)

ही गुणपद्धती जगभर पोहोचविणारे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या जिभेविषयी आमची तक्रार नाही. १९८२ च्या बोर्दोविषयी इतर काही जाणते साशंक असताना त्यांनी तिची थोरवी ओळखली, आणि ते खरे ठरले. पण एका माणसाचे खरे ठरलेले भाकीत म्हणजे मोजमाप नव्हे. १९७६ साली पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली आणि लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्स लीप पहिली आली. ‘त्या वाइन तरुणपणीच गोड, मुरण्यात बोर्दोच पुढे जाईल,’ असा बचाव तेव्हा झाला. २००६ मध्ये त्याच वाइन नापा व लंडन येथे पुन्हा चाखल्या गेल्या. तीस वर्षांपूर्वी पाचवी आलेली रिज माँटे बेलो पहिली आली, आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचेच होते! बाटलीबंद वाइनविषयीही जाणत्यांचा अंदाज असा चुकतो, तर पिपातल्या थेंबावरून दिलेल्या पंच्याण्णव गुणांवर कोणी किती विसंबावे?

घरी शोकेसमध्ये भारी बाटली जपून ठेवणाऱ्या आमच्या बांधवांना येथे सांगावेसे वाटते की, मुरण्यासाठी सुमारे १२-१३ अंशांचा अखंड गारवा लागतो. मुंबई-वसईच्या दोन उन्हाळ्यांत वाइन मुरत नाही, बिघडते.

उपाय अशक्य नाही. शातो लातूर या नामांकित घराण्याने (आपल्या लातूरचा संबंध नाही) २०१२ मध्ये ही आगाऊ विक्री सोडली. तिची मुख्य वाइन आता काही वर्षे स्वतःच्या तळघरात ठेवूनच बाजारात येते. इतरांनी तेवढा धीर धरला नाही तरी समीक्षकांनी एवढे करावे: दहाव्या आणि विसाव्या वर्षी तीच वाइन पुन्हा चाखून नवा निर्णय जुन्या आकड्याशेजारी छापावा. काही जण चाखतातही; पण तोवर गिऱ्हाइकाचे पैसे केव्हाच गेलेले असतात.