झोपेची गोळी मागण्यापूर्वी

हल्ली माझ्या दवाखान्यात झोपेची गोळी मागायला म्हाताऱ्या माणसांबरोबर पंचविशी-तिशीतले तरुणही येऊ लागले आहेत. असा तरुण बहुधा घरातला ‘तज्ज्ञ’ असतो. विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, आजोबांचा हयातीचा दाखला, सगळे तो मोबाईलवर चुटकीसरशी करतो. “डॉक्टर, दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही हो,” म्हणतो. अकरा ते दोन काय करता, असे विचारले की हळूच उत्तर येते, “काही नाही, एखादी सिरीज.”

याला निद्रानाश म्हणणे मला पटत नाही. झोप न येणे वेगळे आणि आलेली झोप परतवून लावणे वेगळे.

१९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा एक भाग संपला की पुढच्या रविवारपर्यंत थांबावेच लागे. नाटकाचाही पडदा पडे. (कीर्तन लांबायचे खरे, पण बुवाही दमत!) २०१३ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे तेराच्या तेरा भाग एकाच दिवशी खुले केले. अशा मालिकांना थांबायची जागाच उरली नाही. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू. बंद करायला हात हलवावा लागतो, चालू ठेवायला काहीच करावे लागत नाही! दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री साडेबाराला मनोनिग्रह दाखवावा, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. आपली स्पर्धा झोपेशी आहे, असे नेटफ्लिक्सचे त्या वेळचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली उघडच सांगितले होते. तेव्हा घरच्यांनी मुलाला आळशी म्हणू नये.

हुशारी वापरायचीच तर ती इथे वापरावी. नेटफ्लिक्सवर प्रोफाईलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लागणे बंद करता येते, यूट्यूबवरही तशी सोय आहे. माझ्या रुग्णांना मी आणखी एक युक्ती सांगतो: भाग मध्येच सोडा. उत्सुकता ताणलेली असते ती शेवटी, मध्यावर उठणे त्या मानाने सोपे जाते. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवावा, गजराला साधे घड्याळ आणावे आणि रविवारीसुद्धा ठरल्या वेळीच उठावे.

प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप हवी. ती वर्षानुवर्षे अपुरी पडली तर रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. दुकानातून परस्पर गोळी मात्र आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. महिनाभर हे सारे करूनही झोप लागत नसेल, किंवा मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गाडी चालवताना डुलकी येणे असे काही असेल, तर तो दोष मालिकेचा नव्हे. अशा वेळी तपासणी करून घ्यावी, आणि येताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर आणावे. घोरण्याची खरी हकीकत त्यांच्याकडूनच कळते.