खांबांचे हिरवे कुंपण



कुंपणाचे दुखणे घरोघरी सारखेच. तारेचा भाव ऐकला की हात आखडतो, आणि बाभळीच्या काट्यांची वई घातली तर वर्षा-दोन वर्षांत वाळवी ती खाऊन टाकते. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी बांधावर शेर आणि निवडुंग लावले. हीच युक्ती दूर मेक्सिको देशातल्या खेडुतांनाही सुचली. आज तिचीच माहिती घेऊ.

तिकडे खांबासारखा सरळ वाढणारा एक कॅक्टस आहे. ऑर्गन या मोठ्या वाद्याच्या नळ्या ओळीने उभ्या असाव्यात, तसा तो दिसतो. म्हणून लोक त्याला ‘ओर्गानो’ म्हणतात. शास्त्रीय नाव पॅकिसेरियस मार्जिनाटस. उंची साधारण १० ते १५ फूट. अंगावर ५ ते ७ उभ्या धारा, धारेवर पांढरट लोकरीची रेघ आणि आखूड काटे. तिकडचे शेतकरी याचे खांब एकमेकांना खेटून लावतात, म्हणजे शेळीला शिरायलाही फट राहत नाही. मेक्सिको शहरात दिएगो रिवेरा आणि फ्रिडा काल्हो या चित्रकार पतिपत्नीची १९३१-३२ साली बांधलेली घरे आहेत. त्यांनाही याच कॅक्टसचे कुंपण आहे.

आपला शेर किंवा तिधारी निवडुंग कापला की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. ओर्गानोला असा चीक नाही. तो फड्या निवडुंगाचा भाऊबंद, आणि फड्याही मूळचा अमेरिकेतलाच.

आता लावायचा कसा? बी पेरून फार वर्षे लागतात, म्हणून खांबाचा तुकडाच लावतात. दिवाळीनंतर पाऊस सरला की धारदार, स्वच्छ सुरीने हात-दीड हाताचा तुकडा कापा. खालच्या टोकाला खूण करा, कारण तुकडा उलटा लागता कामा नये. मग तो सावलीत, कोरड्या जागी तीन-चार आठवडे उभा ठेवा. घाव सुकून त्यावर कडक खपली धरली पाहिजे. त्यानंतर मुरूम व जाड वाळू मिसळलेल्या मातीत चार-सहा बोटे खोल पुरा आणि काठीचा आधार द्या. पहिले दोन आठवडे पाणी घालू नका. पुढेही माती पुरती सुकल्यावरच थोडे द्या. ऊन मात्र भरपूर हवे.

इथेच बहुतेकांचे चुकते. माझेही चुकले. पहिल्या खेपेला मी पाच तुकडे कापले, त्याच दिवशी लावले आणि वरून तांब्याभर पाणी घातले. महिन्याभरात पाचही बुडातून मऊ पडले. हात लावला तर कुजका वास! माया केली ती पाण्याने, आणि जीव गेला तोही पाण्यानेच. दुसऱ्या खेपेला नुसता धीर धरला, तर पाचांतले चार जगले.

काळ्या चिकण जमिनीत पाणी तुंबते. तिथे मुरमाचा उंच वरंबा करूनच लावा. फार पावसाच्या मुलखात याच्या नादी न लागलेले बरे. शिवाय हा हळू वाढतो. म्हणून सगळा बांध एकदम उकरू नका आणि उभा असलेला शेर तोडू नका. चार तुकडे लावा, एक पावसाळा पाहा, मगच पुढे जा. रोप ओळखीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला पिशवीत घालून आणायला सांगू नका. त्याबरोबर रोग आणि कीडही येते, आणि कायद्याचीही मनाई आहे.

मुलाबाळांना एवढे मात्र शिकवून ठेवा : घाव सुकल्याशिवाय माती नाही, आणि माती सुकल्याशिवाय पाणी नाही.