पोथी आणि पॅकेज

आपल्या क्षेत्रात नवीन काही लिहिणाऱ्याला मान आहे. दुसऱ्याने लिहिलेलं सांभाळणाऱ्याला? "पॅकेजिंग करतो" म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे झिप करून ठेवतोस?" आज जरा या मंडळींची बाजू मांडतो.

पर्लचं उदाहरण घेऊ. (अजून कोण वापरतं, असं विचारू नका. तुमच्या लिनक्स सर्व्हरवर ते बहुधा आहेच.) लेखक आपलं मॉड्यूल सीपॅनवर टाकतो आणि मोकळा होतो. ते डेबियनमधे आणायचं तर परवाना तपासा, दुसरी कुठली मॉड्यूलं लागतात ते नोंदवा, टेस्ट चालवा, आणि मग वर्षानुवर्षं लक्ष ठेवा. कारण पायाखालची जमीन हलत असते. पर्ल ५.१८ मधे (२०१३) हॅशमधल्या कींचा क्रम दर वेळी वेगळा येऊ लागला आणि तो क्रम गृहीत धरणाऱ्या टेस्ट धडाधड पडल्या. ५.२६ मधे (२०१७) मॉड्यूल शोधायच्या यादीतून चालू डिरेक्टरी काढली, की पुन्हा तेच. मॉड्यूलमधलं अक्षरही बदललं नव्हतं, तरी ते मोडलं! डेबियनमधली अशी तीन हजारांहून जास्त मॉड्यूलं एक गट मिळून सांभाळतो.

कधी कधी तर जगच बदलतं. डेटटाइम-टाइमझोन या मॉड्यूलमधे देशोदेशीच्या घड्याळांचे नियम भरलेले असतात. मार्च २०२३ मधे लेबनॉन सरकारने घड्याळं पुढे करायचा दिवस ऐनवेळी लांबवला आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. असं झालं की नियमांची नवी आवृत्ती निघते, आणि एरवी सहसा काही न बदलणाऱ्या डेबियन स्टेबलमधेही हे मॉड्यूल अद्ययावत करावं लागतं. तुमचा परदेशी क्लायंटबरोबरचा कॉल वेळेवर लागतो, त्यामागे असंच कुणीतरी असतं.

"आम्ही कंटेनर वापरतो, आम्हाला काय त्याचं?" अहो, त्या कंटेनरच्या पोटात पुष्कळदा डेबियनच असतं!

आणि हे नुसतं नकलेचं काम नाही. २००६ मधे डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधे, एक टूल तक्रार करतं म्हणून, कोड थोडा काढला गेला. परिणाम मे २००८ मधे उघड झाला: दीड वर्षाहून जास्त काळ तयार झालेल्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या होत्या. पॅच लहान होता, पण मूळ लेखकाच्या मनात काय होतं हे कळल्याशिवाय तो लावायला नको होता.

हे नातं आपल्याला नवीन नाही. जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव. तिथे आपण ग्रंथकर्त्याला हात जोडतो. पण दासबोध आपल्यापर्यंत आला तो उतरवून घेणाऱ्यांमुळे. समर्थांनी सांगितलं आणि कल्याणांनी लिहिलं, अशी परंपरा आहे. पुढे मठामठांतून प्रती झाल्या, आणि हाताने नक्कल म्हटली की पाठभेद आलेच. म्हणून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातली कल्याणांच्या हातची प्रत आधाराला घेऊन १९०५ मधे ग्रंथ छापला. मूळ पाठ कुठला, भर कुठली, हे बघणं म्हणजेच मेंटेनरचं काम.

फरक इतकाच की मठाला शिष्य होते. आपल्याकडे अनेक ठिकाणी एकच माणूस असतो, आणि तो थकतो. एक्सझेड प्रकल्पात नेमकं हेच झालं. थकलेल्या मेंटेनरला मदत करत करत एकाने विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मधे तो सापडला, तोही एका इंजिनियरला लॉगिन किंचित हळू का होतंय असा प्रश्न पडला म्हणून. भल्या माणसांनी मदत केली नाही की ती जागा रिकामी राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गिटहबवर अकरावी टू-डू लिस्ट टाकण्यापेक्षा, तुमचं ऑफिस ज्यावर चालतं असं एक मॉड्यूल निवडा. त्याचे उघडे बग वाचा, एखादी पडलेली टेस्ट दुरुस्त करा आणि पॅच आधी मूळ लेखकाकडे पाठवा. आणि तुम्ही टीम लीड असाल, तर या कामाला शनिवार-रविवार नको, ऑफिसच्या वेळातला एक दिवस द्या. फुकट वापरतोय, इतकं तर देणं लागतोच.