थैली कुणाच्या हातात?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेतला आणि अमेरिका पेटली. लाखो लोक रस्त्यावर उतरले. ज्या कंपन्यांना आपल्या बँकेतला, दुकानातला, कारखान्यातला वर्णभेद पिढ्यान्‌पिढ्या दिसला नव्हता, त्यांना तो रातोरात दिसू लागला. देणग्यांच्या घोषणांचा पाऊस पडला. या घोषणांचे पुढे काय झाले, हे चळवळीतल्या माणसाने समजून घेणे गरजेचे आहे, कारण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आम्हाला परका नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती आणि डू बॉइस यांनी त्यांना उत्तरही दिले होते.

'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये या घोषणांचा हिशेब मांडला. तो डोळे उघडणारा आहे. सर्वात मोठ्या ५० कंपन्यांनी वांशिक न्यायासाठी जाहीर केलेली रक्कम होती सुमारे ४,९५० कोटी डॉलर. त्यातले सुमारे ४,५२० कोटी, म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक, कर्ज किंवा गुंतवणूक या स्वरूपात होते आणि त्यात घरकर्जांचा वाटा निम्म्याहून जास्त होता. कृष्णवर्णीयांना घरकर्ज नाकारणे हा तिथला जुना अन्याय आहे, त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रेघेने वेगळ्या काढल्या जात, हे खरेच. पण व्याजाने पैसे द्यायचे, हप्ते वसूल करायचे आणि त्या धंद्याला न्याय म्हणायचे, हा कुठला न्याय? सावकार दारात येऊन 'तुझा उद्धार करायला आलो' म्हणाला असता, तर आमच्या आजोबांनी त्याला काय सुनावले असते हे वाचकांना सांगायला नको. प्रत्यक्ष अनुदान म्हणून ठरले सुमारे ४२० कोटी. आणि ज्या प्रश्नावर लोक रस्त्यावर आले होते त्या पोलिसी व फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठीच काम करणाऱ्या संघटनांच्या वाट्याला आले सुमारे ७ कोटी. हजार डॉलरमागे दीड डॉलरसुद्धा नाही!

या संघटना म्हणजे कोण? कोर्टात जामिनाचे पैसे भरता येत नाहीत म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्या पोरांना सोडवणारे, घरमालकाने बाहेर काढलेल्या भाडेकरूंसाठी उभे राहणारे, दक्षिणेतल्या खेड्यांत मतदार नोंदणी करणारे लोक. बहुतेक ठिकाणी दोन-चार पगारी माणसे आणि बाकी सगळे स्वयंसेवक. २०२० मध्येच ब्रिजस्पॅन आणि इकोइंग ग्रीन या संस्थांनी आपल्याकडे अर्ज केलेल्या, गुणवत्तेत वरच्या ठरलेल्या संस्थांची तुलना केली. कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी निघाले. पण संस्थेच्या स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल अशी शिल्लक मात्र तब्बल ७६ टक्क्यांनी कमी! या दुसऱ्या आकड्यात सगळे आले. उत्पन्नातला फरक कमी आणि मोकळ्या शिल्लकीतला एवढा मोठा, याचा अर्थ आम्ही असा घेतो की देणारा काळ्या माणसाच्या हाती पैसा देतो, पण तो अमुकच कामाला, अमुकच महिन्यांत खर्च कर असे बजावून देतो. गोऱ्यावर विश्वास टाकतो, काळ्याकडे पावती मागतो. ज्या संघटनेकडे शिल्लक नाही तिला उद्या गोळीबार झाला तर वकील उभा करता येत नाही, कारण वकिलाचा खर्च अनुदानाच्या अर्जात लिहिलेला नसतो.

आता कायद्याकडे येऊ. तिथे जे घडले आहे ते वाचून कुठल्याही वकिलाची मान खाली जावी.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच असे कायदे केले की मुक्त झालेला गुलाम करार करू शकणार नाही, जमीन घेऊ शकणार नाही, साक्ष देऊ शकणार नाही. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार ओलांडून १८६६ चा नागरी हक्क कायदा केला. गोऱ्या नागरिकाला करार करण्याचा जो हक्क आहे तोच सर्वांना राहील, हा त्याचा गाभा. आज तो कलम १९८१ म्हणून ओळखला जातो.

अटलांटा शहरात कृष्णवर्णीय महिलांनी चालवलेला 'फिअरलेस फंड' नावाचा निधी आहे. उद्योगांत जोखीम भांडवल म्हणून जो पैसा गुंतवला जातो त्याचा एक टक्कासुद्धा कृष्णवर्णीय महिला उद्योजकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून या निधीने त्यांच्यासाठी २० हजार डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध दावा लावला. हे गृहस्थ तेच, ज्यांच्या दुसऱ्या संघटनेने हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धचा खटला जिंकून जून २०२३ मध्ये तिथल्या प्रवेशांतली वांशिक विचाराची पद्धत सर्वोच्च न्यायालयाकडून मोडीत काढली. दाव्याचा आधार कोणता? १८६६ चा कायदा! ही स्पर्धा म्हणजे करार आहे आणि तो फक्त कृष्णवर्णीय महिलांशी केला जातो, म्हणून इतरांचा करार करण्याचा हक्क डावलला जातो, असा युक्तिवाद. निधीतर्फे सांगण्यात आले की ही देणगी आहे आणि देणगी देणे हे आमचे मतप्रदर्शन आहे, त्याला पहिल्या घटनादुरुस्तीचे संरक्षण आहे. जिल्हा न्यायाधीशांनी ते प्रथमदर्शनी मानले आणि मनाई हुकूम नाकारला. परंतु ३ जून २०२४ रोजी अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल फिरवला. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड झाली आणि स्पर्धा कायमची बंद पडली.

ज्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाच्या हाती कराराचा हक्क दिला, त्याच कायद्याने त्याच्या पणतीच्या हातचे २० हजार डॉलर काढून घेतले. कायद्यातले शब्द तेच राहिले, इतिहास तेवढा पुसून टाकला. शब्द धरायचे आणि विषमता नजरेआड करायची, ही न्यायालयीन युक्ती आम्हाला नवी नाही.

आमच्या मते या निकालाचा धाक त्या निधीपुरता राहिलेला नाही. तो तीन राज्यांवर बंधनकारक असला तरी ज्याच्या अर्जावर 'कृष्णवर्णीय' हा शब्द छापलेला आहे, अशा प्रत्येक देणगीदाराला आपल्या वकिलाला विचारणे भाग पडते आणि वकील सावध सल्लाच देतो. त्यात २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला. सरकारी कंत्राटदारांना भेदभावाविरुद्ध सकारात्मक पावले उचलायला लावणारा, १९६५ पासून चालत आलेला जॉन्सन यांचा आदेश त्यांनी रद्द केला आणि मोठ्या कंपन्या, संस्था व ५० कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता असलेली प्रतिष्ठाने यांपैकी चौकशीसाठी प्रत्येक खात्याने नऊपर्यंत नावे काढावीत असे फर्मावले. २०२० मध्ये छातीवर बिल्ले लावून फिरणारे आता आपल्या संकेतस्थळांवरचे शब्द खोडत बसले आहेत.

हे प्रथमच घडते आहे असे कुणी समजू नये. १९६७ साली फोर्ड फाउंडेशनने क्लीव्हलंडमधल्या कोअर या संघटनेच्या शाखेला पावणेदोन लाख डॉलर दिले. त्यातून मतदार नोंदणी झाली. त्याच नोव्हेंबरात कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ महापौर झाले. झाले, काँग्रेसला राग आला! १९६९ च्या करकायद्यात प्रतिष्ठानांच्या मतदार नोंदणीच्या अनुदानावर अटी आल्या. पाच किंवा अधिक राज्यांत काम करणाऱ्या संघटनेलाच त्यासाठी पैसा देता येतो. म्हणजे एका गल्लीत, एका शहरात काम करणारी संघटना त्या अटीनेच बाद.

पण शत्रूच तेवढा अडवतो असेही नाही. मित्राची थैलीसुद्धा वाट वळवते. मेगन मिंग फ्रान्सिस या अभ्यासक महिलेने याला 'चळवळीचा ताबा' असे नाव दिले आहे. एनएएसीपी ही संघटना १९०९ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या दशकांत तिची मोठी शक्ती झुंडबळी आणि वंशद्वेषी हिंसेविरुद्ध खर्च होत होती. पुढे गार्लंड फंड या गोऱ्या पुरोगाम्यांच्या निधीने शिक्षणातल्या विषमतेविरुद्धच्या खटल्यांसाठी पैसा देऊ केला आणि संघटनेचे लक्ष तिकडे गेले, असे त्यांचे म्हणणे. त्या रस्त्याने १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल आला, ते यश कुणी नाकारू नये. पण झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा व्हायला मार्च २०२२ उजाडले. त्याला दक्षिणेतल्या सिनेटरांनी वर्षानुवर्षे केलेली अडवणूक मुख्यतः जबाबदार आहे. तरीही लोकांना आधी कोणता प्रश्न सोडवून हवा आहे, हे लोकांनी ठरवायचे की देणगीदाराने, हा प्रश्न उरतोच.

हाच प्रश्न बाबासाहेबांनी १९३२ मध्ये विचारला होता. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी 'व्हिक्टोरिया' बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. व्यक्तींच्या सुधारणेवर पैसा उधळू नका, विहिरी, शाळा, चावडी यांवरील नागरी हक्कांची मोहीम चालवा, असे त्यांनी सांगितले. त्या पत्राची साधी पोचही आली नाही. पुढे 'हरिजन सेवक संघ' (नाव त्यांचेच, आम्ही ते वापरत नाही) चालवण्यात अस्पृश्यांना स्थान मागितले गेले, तेव्हा गांधीजींचे उत्तर होते की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही हिंदूंचा आहे, तेव्हा संघ हिंदूंनीच चालवायचा. थैली ज्याची, कार्यक्रम त्याचा! १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या भूमिकेची चिरफाड केली आहे.

मग आपल्याच माणसाच्या हाती थैली आली की प्रश्न सुटला का? तोही सुटत नाही. ब्लॅक लाइव्हज मॅटर ग्लोबल नेटवर्क फाउंडेशनकडे २०२० मध्ये ९ कोटी डॉलरहून अधिक देणगी आली. नोव्हेंबर २०२० मध्ये दहा स्थानिक शाखांनी जाहीर पत्रक काढले की आम्हाला हिशेब दाखवला जात नाही आणि पैसाही पोहोचत नाही. एप्रिल २०२२ मध्ये उघड झाले की दक्षिण कॅलिफोर्नियात देणगीच्या पैशातून जवळपास ६० लाख डॉलरचे घर घेण्यात आले होते. कृष्णवर्णीय कलावंतांसाठी ते घेतले, असा फाउंडेशनचा खुलासा. असेलही. पण ज्यांच्या वस्तीत पोरे मारली गेली त्या शाखांना वर्तमानपत्रातून कळावे, यातच सगळे आले. नेतृत्व कृष्णवर्णीय असणे आणि ते तळाच्या लोकांना जबाबदार असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विरोधकांनी या एका घराचे भांडवल करून सगळ्या चळवळीला चोर ठरवले ते वेगळेच.

या गोंधळात आम्हाला जॉर्जिया गिलमोर आठवतात. त्या माँटगोमेरीत स्वयंपाकीण होत्या. १९५५ च्या डिसेंबरात बस बहिष्कार सुरू झाला तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेणाऱ्या गाड्यांना पेट्रोल कुठून आणायचे? गिलमोरबाईंनी शेजारणींना जमवले, कोंबडी तळली, पाय आणि केक भाजले, ते केशकर्तनालयात, लाँड्रीत, दारोदार विकले. आठवड्याला शे-दोनशे डॉलर उभे राहत. या मंडळाचे नाव होते 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसा कुठून आला असे कुणी विचारले तर उत्तर तयार, कुठूनच नाही! कारण विकत घेणाऱ्या कितीतरी जणींच्या नोकऱ्या आणि घरे गोऱ्यांच्या हातात होती. १९५६ मध्ये डॉ. किंग यांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग घरचा स्वयंपाक हाच त्यांचा धंदा झाला. नावे गुप्त, पण जमलेली रक्कम मात्र त्या भर सभेत उभ्या राहून सांगत.

पदराच्या गाठीतल्या पैशावर सगळे भागते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मिसिसिपीतल्या सनफ्लॉवर काउंटीत फॅनी लू हॅमर यांनी १९६९ च्या सुमारास 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभारली. वर्गणी महिन्याला एक डॉलर, आणि तोही बहुतेक कुटुंबांना परवडत नव्हता. पूर, दुष्काळ आणि आटलेल्या देणग्या यांनी काही वर्षांत ती जमीन गेली. भुकेल्या माणसाच्या वर्गणीवर ट्रॅक्टर चालत नाही. बाहेरचा पैसा लागतोच. म्हणून तो कसा यावा हे महत्त्वाचे. अलाबामातल्या सेल्मा येथे २००४ पासून काम करणारे ब्लॅक बेल्ट कम्युनिटी फाउंडेशन बारा काउंट्यांत आहे आणि तिथे स्थानिक स्वयंसेवक निधी जमवण्यात व वाटण्यात सहभागी असतात. निकष जात-वंशाच्या शब्दाऐवजी भागाचा ठेवला तर न्यायालयातही तो टिकण्याची शक्यता जास्त, असे वकील म्हणून आम्हाला वाटते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनीही आपल्या शहरात असे कुणी आहे का ते पाहावे. तिथे जाऊन बसावे, हिशेब विचारावा, आणि पटले तर पाच वर्षे दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, ती कशावर खर्च करायची हे न सांगता.