माळ्यावरची पत्र्याची पेटी



आमच्या चाळीतल्या एका माउलीने परवा आम्हाला विचारले, "भाऊ, बाबासाहेबांचं पत्र अमेरिकेतल्या लायब्ररीत ठेवलंय म्हणतात, ते खरं का?" तिच्या नातवाने मोबाइलवर काहीतरी दाखवले होते आणि तिचा विश्वास बसत नव्हता. माउली, ते खरे आहे. आज त्याच पत्राबद्दल लिहितो.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथालय पंचवीस मजल्यांहून उंच आहे. त्याला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे नाव दिलेले आहे. डू बॉइस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे मोठे विद्वान पुढारी. जन्म 1868 चा. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. जन्मभर ते वंशभेदाविरुद्ध लिहीत आणि लढत राहिले, आणि 1963 साली आफ्रिकेत घाना देशात वारले.

या माणसाला एक सवय होती. आलेले प्रत्येक पत्र ते जपून ठेवत आणि स्वतः पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रतही ठेवत. त्यांच्यामागे हे सारे कागद 1973 साली विद्यापीठाकडे आले. पत्रेच सुमारे एक लाख! ग्रंथालयाने ती लावली, त्यांची यादी केली आणि पुढे एकेका कागदाचे छायाचित्र काढून ते जगाला मोफत खुले केले.

त्यात जुलै 1946 चे एक टंकलिखित पत्र आहे. वर पत्ता आहे दादरच्या राजगृहाचा आणि खाली सही आहे बाबासाहेबांची.

तो काळ आठवा. इंग्रज जाणार हे ठरले होते. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणुकीत पराभव झाला होता आणि नव्या राज्यात अस्पृश्यांच्या हक्कांचे काय, हा घोर बाबासाहेबांना लागला होता. अशा वेळी त्यांच्या वाचनात आले, की अमेरिकेतील निग्रो बांधवांनी आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली आहे. त्यांनी डू बॉइस यांना लिहिले, की आपली भेट झालेली नाही, पण मी आपल्याला नावाने ओळखतो. निग्रोंच्या प्रश्नाचा मी अभ्यास केला आहे. भारतातले अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत, तरी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात.

31 जुलैला डू बॉइस यांचे उत्तर निघाले. नॅशनल निग्रो काँग्रेसच्या अर्जाची प्रत त्यांनी सोबत जोडली. आपले नाव मी ऐकून आहे, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, असे कळवले. पुढे 1947 साली डू बॉइस यांच्याच पुढाकाराने आणखी मोठा अर्ज संयुक्त राष्ट्रांना सादर झाला. आपल्या तरुणांनी 1972 मध्ये ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, त्याच्या सव्वीस वर्षे आधीची ही देवाणघेवाण आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमचे वडील फेडरेशनची वर्गणी नेमाने भरत. त्याच्या पावत्या, सभांची पत्रके, 'जनता'चे काही अंक एका पत्र्याच्या पेटीत होते. ते गेल्यावर आम्ही त्यातले जाड कागद फडताळात डब्यांखाली अंथरले आणि बाकीचे रद्दीत घातले. पेटीत तांदूळ भरले. आम्ही शिकलेले होतो, वडील चौथी पास. तरी त्यांना कळत होते ते आम्हाला कळले नाही. आज त्या पावत्यांवरच्या सह्या कुणाच्या होत्या, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

ही वेळ आता घरोघर येणार आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोली रिकामी करायची म्हटली, की माळ्यावरची पेटी आधी खाली येते आणि दारात रद्दीवाला उभा असतो. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला, त्याचे सगळे अंकसुद्धा आज आपल्या हाती नाहीत. मग 1956 च्या दीक्षेचे फोटो, नामांतर लढ्यातली पत्रके, महिला मंडळाच्या हिशेबाच्या वह्या यांची काय कथा? विद्यापीठात पीएच.डी. करणारी आपलीच मुले असले कागद शोधत हिंडतात आणि ग्रंथालयात त्यांना सरकारी अहवाल तेवढे मिळतात.

तेव्हा भगिनींनो, पेटी उघडायची तर दुपारी निवांत उघडा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. फोटोतली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते ते विचारा आणि फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहू नका, ते पुढे उमटते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका, त्या गंजतात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. दुकानदार कितीही आग्रह करो, एकदा केलेले लॅमिनेशन सुटत नाही आणि आतला कागद खराब होतो. खिडकीच्या उजेडात मुलांकडून मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. जुने फोटो टीव्हीमागच्या ओलीच्या भिंतीला टांगण्यापेक्षा कोरड्या पेटीतच बरे.

कुणी अभ्यासक किंवा संस्था कागद मागायला आली, तर आनंदाने दाखवा. मात्र देण्याआधी दोन प्रतींत यादी करा, त्यावर घेणाऱ्याची सही-शिक्का घ्या आणि एक प्रत घरात ठेवा. "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेलेले कागद परत न आलेली घरे आम्हाला माहीत आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचे असतील, तर ग्रंथपालांना आधी पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा. कागद कुठे ठेवणार? यादी करणार का? आमच्या मुलांना पाहायला मिळतील का? उत्तर लेखी मागा. यात संकोच कसला, कागद आपले आहेत.

त्या माउलीच्या नातवाने दाखवलेले पत्र ज्यांना पाहायचे असेल त्यांनी घरातल्या शाळकरी मुलाला सांगावे. मोबाइलवर इंग्रजीत आंबेडकर आणि डू बॉइस ही दोन नावे आणि ॲमहर्स्टच्या विद्यापीठाचे नाव टाकले, की दोन्ही पत्रे समोर येतात. पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी आतल्या कागदांची यादी करून आमच्याकडे पाठवावी. निवडक याद्या या सदरात देऊ. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, झेरॉक्स चालेल.